दारावरची पन्नास डॉलरची पाटी

मुलांनो, परीक्षा पुढे ढकलली असं शाळेत सांगितलं तर तुम्ही काय कराल? बाकांवर उड्या माराल, दुसरं काय! पण मार्च २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या श्रीलंकेत, कोलंबो शहर ज्या पश्चिम प्रांतात आहे तिथे, शाळांच्या परीक्षा खरोखरच पुढे ढकलाव्या लागल्या. त्याचं कारण ऐकलंत तर तुमचं हसू मावळेल. प्रश्नपत्रिका छापायला कागद नव्हता. शाई नव्हती. कागद आणि शाई परदेशातून आणावी लागते आणि ती विकत घ्यायला देशाजवळ डॉलर शिल्लक नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, डॉलर तर अमेरिकेचे. श्रीलंकेला ते कशाला हवेत? त्यांच्याकडे त्यांचा रुपया आहेच की! आहे ना. पण दुसऱ्या देशातला पेट्रोलवाला, औषधवाला, कागदवाला श्रीलंकेचा रुपया घेत नाही. त्याला साऱ्या जगात चालणारं चलन लागतं. यालाच म्हणतात परकीय चलन. ते मिळवायचे मार्ग मोजकेच असतात. माल परदेशी विकायचा, माणसांनी परदेशी नोकरी करून पैसे घरी पाठवायचे आणि तिसरा मार्ग म्हणजे पाहुणे बोलवायचे. होय, पाहुणे! परदेशी पर्यटक खिशात डॉलर घेऊन येतो, राहतो, खातो, फिरतो आणि ते डॉलर तिथेच ठेवून जातो. चहा विकायचा तर तो पिकवून, खोक्यांत भरून जहाजावर चढवावा लागतो. समुद्रकिनारा मात्र कुठेही पाठवावा लागत नाही. गिऱ्हाईकच त्याच्याकडे येतं.

म्हणून आज आपण एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. घरी येणाऱ्या पाहुण्याकडून दारातच किती पैसे घ्यावेत?

व्हिसा म्हणजे काय बुवा?

परदेशी जायला दोन गोष्टी लागतात, पासपोर्ट आणि व्हिसा. पुष्कळांचा यात गोंधळ होतो. पासपोर्ट आपला देश देतो. 'हा आमचा माणूस बरं का' असं सांगणारं ते ओळखपत्र. व्हिसा देतो तो आपण जिथे जाणार तो देश. 'या, इतके दिवस राहा' अशी ती परवानगी. काही देश ती फुकट देतात, काही पैसे घेतात, तर काही देशांत ठराविक पाहुण्यांना व्हिसा लागतच नाही.

श्रीलंकेने जानेवारी २०१२ पासून एक सोपी पद्धत सुरू केली. घरबसल्या संगणकावर अर्ज भरायचा, शुल्क भरायचं की परवानगी हजर. आपल्यासारख्या शेजारी देशांसाठी शुल्क कमी आणि दूरच्या देशांसाठी जास्त ठेवलं होतं. पुढे दूरच्या पाहुण्यांसाठी ३० दिवसांचे ५० डॉलर असा दर झाला.

बघायला आहे तरी काय?

छे, असं विचारू नका! सिगिरियाचं नाव ऐकलंय? सपाट रानात एकदम उभा राहिलेला प्रचंड खडक. पाचव्या शतकात कश्यप राजाने त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला. वर जायला सुमारे १२०० पायऱ्या आहेत आणि वाटेत सिंहाचे दोन अवाढव्य दगडी पंजे लागतात. अर्ध्या वाटेवर खडकावर रंगवलेल्या स्त्रियांची चित्रं आहेत. ती पाहिली की आपल्या अजिंठ्याची आठवण येते. आणि गंमत म्हणजे अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहल नावाच्या वीराची कथा रंगवली आहे. तो समुद्र ओलांडून लंकेत जातो ती कथा! म्हणजे या दोन जागांचं नातं बरंच जुनं.

याशिवाय कँडीला बुद्धाच्या दाताचं मंदिर आहे, गॉलला समुद्राकाठचा जुना किल्ला आहे, यालाच्या जंगलात बिबटे आहेत. आणि कँडीहून एल्लाला जाणारी आगगाडी चहाच्या मळ्यांतून अशी काही वळणं घेत जाते की खिडकी सोडवत नाही.

असा हा देश २०१८ साली अगदी भरात होता. त्या एका वर्षात २३ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आले आणि त्यांनी सुमारे ४३८ कोटी डॉलर खर्च केले.

एकामागून एक तीन धक्के

पहिला धक्का २१ एप्रिल २०१९ चा. तो ईस्टरचा रविवार होता. त्या दिवशी चर्च आणि मोठ्या हॉटेलांमध्ये बॉम्बस्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसं गेली, त्यांत परदेशी पाहुणेही होते. हॉटेलं एका दिवसात ओस पडली.

तेव्हा सरकारने काय केलं पाहा. १ ऑगस्ट २०१९ पासून भारतासह ४८ देशांच्या पर्यटकांना व्हिसाशुल्क माफ केलं. म्हणजे दारावरची पैशांची पाटीच काढून टाकली. 'घाबरू नका, या' असं सांगण्याची ती एक रीत होती. पाहुणे हळूहळू परतू लागले.

तोच दुसरा धक्का बसला, कोरोनाचा. मार्च २०२० मध्ये विमानतळ बंद झाले. ते पर्यटकांसाठी पुन्हा उघडायला जानेवारी २०२१ उजाडला. २०२१ या अख्ख्या वर्षात पाहुणे आले दोन लाखांहूनही कमी. २३ लाखांवरून दोन लाखांवर! विचार करा, तुमच्या वर्गात २३ मुलं होती आणि आता बाकावर दोघंच उरली.

तिसरा धक्का २०२२ चा. डॉलर संपले. एप्रिलमध्ये देशाने जाहीर केलं की परदेशी कर्जाचे हप्ते आता आम्हाला फेडता येत नाहीत. पेट्रोलसाठी मैलमैल रांगा लागल्या. दिवसाचे कित्येक तास वीज जायची. औषधं मिळेनात, दुधाची भुकटी मिळेना. लोक रस्त्यावर आले आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून निघून गेले.

कुठल्याही धक्क्यात सगळ्यात आधी कोण भरडलं जातं? मोठं हॉटेल वर्षभर कसंबसं तग धरतं. पण किनाऱ्यावर शहाळी विकणारा, रिक्षावाला, घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारी बाई, किल्ल्यावर माहिती सांगणारा वाटाड्या, यांचं रोजचं जेवण पाहुण्यांवर अवलंबून. पाहुणा आला नाही की त्यांच्या चुलीवर थेट परिणाम.

पाटी पुन्हा उतरली, मग वर चढली

संकटातून बाहेर पडायचं तर डॉलर हवेत, आणि लवकर डॉलर आणतो तो पाहुणा. म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये श्रीलंकेने सात देशांच्या पर्यटकांना व्हिसाशुल्क माफ केलं. त्या सातांत भारत होता, चीन, रशिया आणि जपानही होते. ही माफी सुरुवातीला ३१ मार्च २०२४ पर्यंत ठरली होती. नेमक्या त्याच सुमारास थायलंडने आणि मलेशियानेही भारतीयांना व्हिसातून सूट दिली. का बरं? बाजारात शेजारच्या दुकानदाराने भाव उतरवला की आपल्यालाही उतरवावा लागतो ना, तसंच. पुण्यातलं किंवा नागपुरातलं एखादं कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत बाहेर जायचं ठरवतं, तेव्हा ते चार देशांची यादी करून खर्चाची बेरीज मांडतंच.

आणि मग एप्रिल २०२४ मध्ये एक उलटाच प्रकार घडला. सरकारने व्हिसाचं काम परदेशी कंपन्यांच्या एका गटाकडे सोपवलं. १७ एप्रिलपासून नवी पद्धत सुरू झाली. आता पर्यटकाच्या व्हिसाचे ७५ डॉलर झाले आणि वर कंपनीचं सेवाशुल्क सुमारे २५ डॉलर. म्हणजे जवळजवळ १०० डॉलर! काल ५० ला मिळणारी गोष्ट आज १०० ला. सरकारची बाजूही सांगायला हवी. नवा व्हिसा सहा महिन्यांचा होता. पण दहा दिवसांसाठी येणाऱ्याला सहा महिने काय करायचेत? एक केळं हवं असणाऱ्याला अख्खी फणी घ्यायला लावण्यातला हा प्रकार.

मे महिन्याच्या सुरुवातीला विमानतळावरच्या व्हिसाच्या खिडकीपाशी वैतागलेल्या एका माणसाचा व्हिडिओ देशभर पसरला. हॉटेलवाले, प्रवासी कंपन्या, विरोधी पक्ष सगळेच ओरडू लागले. सरकारने काही दिवसांतच ३० दिवसांचा ५० डॉलरचा दर परत आणला. विमानतळावरच्या खिडक्या पुन्हा सरकारी अधिकाऱ्यांकडे देण्याचं ठरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २ ऑगस्ट २०२४ ला न्यायालयाने नवी पद्धत थांबवून जुनी सुरू करा असा अंतरिम आदेश दिला. तरी जुनी पद्धत प्रत्यक्षात परत यायला सप्टेंबर अखेर उजाडली. आणि हो, ही मधली ओढाताण चालू असताना बिचारा पाहुणा विचारतोय, 'अहो, मी नक्की अर्ज करू कुठे आणि पैसे देऊ किती?'

आता वही-पेन्सिल घ्या

गणित म्हटलं की तोंड वाकडं करू नका. हे गणित गमतीचं आहे.

२०२४ साली श्रीलंकेत २० लाखांहून थोडे जास्त पाहुणे आले आणि त्यांनी सुमारे ३१७ कोटी डॉलर खर्च केले. भागाकार करा. एका पाहुण्याचा खर्च आला साधारण १,५०० डॉलर.

आता समजा, १०० पाहुणे यायचे आहेत. व्हिसा ५० डॉलरचा असेल तर सरकारला मिळाले ५,००० डॉलर. सरकारने शुल्क ७५ केलं. (सेवाशुल्क कंपनीकडे जातं, ते सोडून द्या.) शंभरच्या शंभर आले तर ७,५०० मिळतील. अडीच हजारांचा फायदा!

पण वाढलेलं शुल्क पाहून दोघांनी बेत बदलला तर? आले ९८. सरकारला मिळाले ९८ गुणिले ७५ म्हणजे ७,३५०. फायदा २,३५० डॉलर. आणि त्या दोघांनी जे खर्च केले असते ते २ गुणिले १,५०० म्हणजे ३,००० डॉलर गेले. म्हणजे शंभरात दोन पाहुणे जरी फिरकले नाहीत, तरी सरकारच्या पेटीत पडले त्याहून जास्त पैसे देशात यायचे राहिले! ते कुणाच्या खिशातून गेले? शहाळीवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या, दोन खोल्या देणाऱ्या बाईच्या.

हे गणित थोडं कच्चं आहे, हेही लक्षात घ्या. पाहुण्याचे सगळे १,५०० डॉलर देशात राहत नाहीत. गाडीचं पेट्रोल बाहेरून येतं, तेवढे परत बाहेर जातात. पण गणिताची दिशा खरी आहे. दारावरचं शुल्क सरकारला डोळ्यांनी दिसतं, मोजता येतं. जो पाहुणा आलाच नाही, तो कुठल्याच वहीत दिसत नाही.

घाई करू नका, आधी तपासा

आता तुम्हाला एक कोडं घालते. मार्च २०२४ मध्ये श्रीलंकेत दोन लाखांहून अधिक पाहुणे आले. एप्रिलमध्ये नवं शुल्क लागू झालं. मे महिन्यात पाहुणे आले सुमारे १ लाख १२ हजार. म्हणजे शुल्कामुळे निम्मे पाहुणे पळाले! बरोबर?

थांबा. मागच्या वर्षीचा मे पाहा. मे २०२३ मध्ये पाहुणे होते सुमारे ८३ हजार. म्हणजे मे २०२४ मध्ये उलट जास्तच आले की! मग मार्च ते मे एवढी घट कशी? अहो, मे महिन्यात तिकडे नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो. त्या महिन्यात पाहुणे दरवर्षीच कमी असतात. आपल्या कोकणात जुलैत समुद्रस्नानाला कोण जातं?

मग शुल्काचा काहीच परिणाम झाला नाही का? तसंही म्हणता येत नाही. तो घोळ झाला नसता तर कदाचित १ लाख १२ हजारांपेक्षाही जास्त आले असते. एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली असं नसतं. वर्तमानपत्रातला आकडा वाचताना हे ध्यानात ठेवलंत, तर पुष्कळ थोरामोठ्यांनाही तुम्ही चार गोष्टी सांगू शकाल.

पाहुण्याला काय आठवतं?

विमानाच्या तिकिटाला शेकडो डॉलर मोजणारा माणूस ५० डॉलरला एवढा का रागावतो? कारण रक्कम लहान असली तरी ती पहिली भेट असते. लग्नाला गेलात आणि मांडवाच्या दारातच कुणी 'आहेर आणलाय का? किती?' असं विचारलं, तर आतलं श्रीखंड गोड लागेल का?

आत आल्यावरही अनुभव महत्त्वाचा. २०२४ मध्येच कोलंबोतल्या एका खाद्यगाडीवरचा व्हिडिओ गाजला. कोत्तू रोटी हा तिकडचा आवडता पदार्थ. त्याचा अवाच्या सवा भाव सांगून विक्रेता परदेशी पाहुण्यावर डाफरत होता. व्हिडिओ हजारो लोकांनी पाहिला आणि पोलिसांना लक्ष घालावं लागलं. एका माणसाने दोन पैसे जास्त काढायचा प्रयत्न केला आणि नाव खराब झालं हजारो प्रामाणिक विक्रेत्यांचं. पूर्वी पाहुणा घरी जाऊन शेजारच्या दहा जणांना सांगायचा. आता तो खिशातल्या फोनवरून दहा लाखांना सांगतो. चांगलंही आणि वाईटही.

मग सगळं फुकटच ठेवायचं का?

नाही हं! भूतानचं उदाहरण पाहा. हिमालयातल्या या छोट्या देशाला गर्दी नकोच आहे. थोडेच पाहुणे यावेत आणि त्यांनी जास्त पैसे द्यावेत, असं त्यांचं धोरण. सप्टेंबर २०२२ मध्ये कोरोनानंतर दारं उघडताना त्यांनी परदेशी पाहुण्यांसाठी दर रात्रीचं शुल्क २०० डॉलर केलं. भारतीयांसाठी ते १,२०० रुपये होतं. पण पाहुणे फारच कमी येऊ लागले. मग सप्टेंबर २०२३ मध्ये २०० चे १०० डॉलर करावे लागले. म्हणजे जास्त शुल्क ठेवणारालाही हिशेब तपासावा लागतोच. मात्र भूतानने एक गोष्ट चांगली केली. हे पैसे कशासाठी घेतो ते सांगितलं. जंगलं राखण्यासाठी, शाळा-दवाखान्यांसाठी. कारण कळलं की पाहुणा कुरकूर कमी करतो.

श्रीलंकेकडे परत येऊ या. २०२४ चे पाहुणे २०१८ च्या जवळ पोचले, पण कमाई मात्र ४३८ कोटींऐवजी ३१७ कोटीच. २०१८ चा पाहुणा सुमारे १,९०० डॉलर खर्चत होता, २०२४ चा सुमारे १,५००. म्हणजे नुसती डोकी मोजून भागत नाही. पाहुणा दोन दिवस जास्त राहावा, खुशीने चार वस्तू घ्याव्यात आणि पुढच्या वर्षी मित्राला घेऊन यावा, हे खरं. २०२५ मध्ये पाहुण्यांची संख्या २०१८ च्याही पुढे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस दितवा चक्रीवादळाने त्या देशाला पुन्हा मोठा तडाखा दिला होता. सहाशेहून अधिक माणसं दगावली. तरीही पाहुणे आले, आणि त्यांतला मोठा वाटा भारतीयांचा. २०२४ मध्ये तर दर पाचांत एक पाहुणा आपल्याकडचा होता.

तुमच्यासाठी थोडं काम

अजिंठ्याच्या लेण्यांत भारतीयाला ४० रुपयांचं तिकीट लागतं आणि परदेशी पाहुण्याला ६०० रुपयांचं. हे योग्य आहे की नाही? वर्गात दोन गट पाडा आणि बोला. एक गट म्हणेल, लेणी आपल्या करातून राखली जातात, मग आपल्याला सवलत हवीच. दुसरा म्हणेल, पंधरापट म्हणजे जरा जास्तच. दोन्ही बाजूंना मुद्दे सापडतील. भांडू नका मात्र!

दुसरं काम. तुमच्या गावात किंवा शहरात बाहेरून माणसं जे पाहायला येतात ती जागा निवडा. किल्ला असेल, देऊळ असेल, तळं असेल. तिथे पाहुणा म्हणून जा. दिशा दाखवणारी पाटी आहे का? स्वच्छतागृह आहे का? पिण्याचं पाणी? रिक्षावाल्याने भाडं किती सांगितलं? सगळं वहीत लिहा. बसथांब्यावरून त्या जागेपर्यंत पोचेस्तोवर तुम्हाला कितीदा विचारावं लागलं तेही लिहा.

आणि पालकहो, एक विनंती तुम्हालाही. सहलीचा खर्च मांडताना मुलांना शेजारी बसवा. तिकीट किती, व्हिसा किती, राहणं किती, हे त्यांनाच लिहू द्या. परदेशी जाणार असाल तर व्हिसाचे नियम त्या देशाच्या सरकारी माहितीवरूनच तपासा. श्रीलंकेच्या गोष्टीत पाहिलंत ना, ते चार महिन्यांत दोनदा बदलू शकतात! आणि परदेशी जाणार नसाल तरी हरकत नाही. पुढच्या आठवड्यात तुमच्या गल्लीत कुणी पत्ता विचारत आलं, तर मुलांना चार पावलं सोबत जाऊन रस्ता दाखवू द्या.